पुन्हा न वसलेले गाव

जर्मनीतील हार्त्स पर्वताच्या नैऋत्य पायथ्याशी, बार्बिसजवळ, क्योनिग्सहागेन नावाचे गाव होते. 'हागेन' म्हणजे कुंपण घालून राखलेली जागा. रान तोडून वसवलेल्या अनेक जर्मन गावांच्या नावांत हा शब्द येतो. बाराव्या शतकात वसलेले हे गाव १४२० च्या सुमारास लढाईत उद्ध्वस्त झाले. वाल्टर यान्सेन यांनी तेथे उत्खनन केले. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

अशा ओसाड गावाला जर्मन भाषेत 'व्युस्टुंग' म्हणतात. आपल्या महसुली दप्तरातला 'बेचिराग', म्हणजे जिथे दिवा लागत नाही असे गाव, हा शब्द त्याच्या जवळचा आहे. विल्हेल्म आबेल यांच्या अंदाजाप्रमाणे १३०० च्या सुमारास जर्मनीत सुमारे १,७०,००० वस्त्या होत्या. मध्ययुग संपेपर्यंत त्यांतल्या सुमारे ४०,००० नाहीशा झाल्या.

एवढी गावे कशाने उठली? प्लेग आणि युद्ध हे उत्तर चटकन सुचते, पण मला ते अपुरे वाटते. मध्ययुगात गावे वारंवार जळत आणि पुन्हा बांधली जात. लाकूडमातीची घरे उभी करणे अशक्य नव्हते. तेव्हा क्योनिग्सहागेन कशाने जळाले यापेक्षा ते पुन्हा का वसले नाही, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

याचे उत्तर आबेल यांच्या मांडणीत सापडते. १३४९–५० च्या प्लेगने आणि नंतरच्या साथींनी माणसे कमी केली. खाणारी तोंडे घटल्याने धान्याचे भाव उतरले, तर मजूर मिळेनासे झाल्याने मजुरी चढली. डोंगरउतारावरची हलकी जमीन कसणे परवडेना. दुसरीकडे चांगल्या जमिनी कसणाऱ्यांविना पडून होत्या आणि जमीनदार सवलती देऊन कुळे बोलावत होते. शहरांचेही आकर्षण होते. अनेक शहरांत एक वर्ष आणि एक दिवस राहिलेल्या भूदासावर मालकाचा हक्क उरत नसे. घर जळालेल्या शेतकऱ्याने अशा वेळी जुन्याच जागी परत का यावे?

अर्थात ही सगळी शेतकऱ्याच्या सुटकेची कथा नव्हे. एल्ब नदीच्या पूर्वेला पुढच्या शतकांत जमीनदारांनी ओस जमिनी आपल्या शेतीत ओढल्या आणि उरलेल्या कुळांना वेठीने अधिक घट्ट बांधले. माणसांच्या त्याच टंचाईने एका प्रदेशात कुळाला सौदा करण्याचे बळ दिले, तर दुसरीकडे त्याच्या पायात बेडी घातली. कोणत्या बाजूला काय घडेल, हे तिथल्या सत्तेवर ठरले.

कुर्ट शार्लाऊ यांनी वस्ती उठणे आणि शेत उठणे यांत केलेला भेद म्हणूनच मोलाचा आहे. कित्येक ठिकाणी घरे गेली, पण शेते शेजारच्या गावाने कसली. इतरत्र शेतांवर जंगल वाढले. त्या जंगलांत आजही नांगराने पडलेले लांब, फुगीर पट्टे झाडांखाली दिसतात. गाव उठले म्हणजे गावकरी मेले, असे मानण्यापूर्वी ती शेते पुढे कोणी कसली, हे पाहायला हवे.