ग्रेपचं स्थलांतर आणि आपल्या न सापडणाऱ्या फाइली

जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली एखादी फाइल उघडा. पडद्यावर ‘पाटील’ स्वच्छ दिसतंय. आता युनिकोडमध्ये ‘पाटील’ टाइप करून शोधा. सापडत नाही! नाव समोर आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो नाही. ही गोष्ट मनात ठेवा आणि जरा पन्नास वर्षं मागे चला.

१९७३. अमेरिकेतली बेल लॅब्स. ली मॅकमहॉन यांना ‘फेडरलिस्ट पेपर्स’ या अठराव्या शतकातल्या राजकीय लेखांचा मजकूर तपासायचा होता. कुठला लेख कोणी लिहिला, हा वाद होता. मजकूर एवढा मोठा की युनिक्सच्या ‘ईडी’ या एडिटरमध्ये मावेना. मग केन थॉम्पसन यांनी एडिटरमधला शोधाचा भाग वेगळा काढला आणि ‘ग्रेप’ तयार झाला. नाव आलं ईडीच्याच एका आज्ञेवरून: सगळीकडे अमुक नमुना शोध आणि त्या ओळी छाप.

पण हा ग्रेप होता पीडीपी-११ या मशीनच्या असेंब्ली भाषेत. म्हणजे ते मशीन नसेल तर उपयोग शून्य. आणि जगात बहुतेकांकडे ते मशीनही नव्हतं, युनिक्सही नव्हतं. कुणाकडे आयबीएम, कुणाकडे सीडीसी.

इथे ब्रायन कर्निगन आणि पी. जे. प्लॉगर यांनी जे केलं ते मला ग्रेपच्या शोधापेक्षाही मोठं वाटतं. १९७६ साली त्यांनी ‘सॉफ्टवेअर टूल्स’ हे पुस्तक काढलं आणि युनिक्सच्या धर्तीवरची हत्यारं चक्क छापून टाकली, अख्ख्या कोडसकट. शोधाच्या प्रोग्रामचं नाव तिथे ‘फाइंड’. भाषा ‘रॅटफोर’, म्हणजे जरा शहाणं केलेलं फोरट्रान. ते साध्या फोरट्रानमध्ये उतरवता येई, आणि फोरट्रान तेव्हा जवळपास प्रत्येक मोठ्या मशीनवर असायचं.

खरी डोकेदुखी अक्षरांची. त्या काळच्या फोरट्रानला अक्षर हा प्रकारच माहीत नव्हता. सीडीसीच्या मशीनवर एका ६० बिटांच्या शब्दात सहा-सहा बिटांची १० अक्षरं कोंबलेली. आयबीएमच्या सांकेतिक तक्त्यात ‘आय’नंतर लगेच ‘जे’ येतच नाही, मध्ये फट! अशा ठिकाणी ‘ए ते झेड’ शोध म्हटलं की भलतंच काही हाती लागणार.

उपाय साधा, पण कडक. अक्षर वेशीवरच बदलायचं. वाचताना ‘गेटसी’ नावाचं छोटं फंक्शन प्रत्येक अक्षराला एका ठरलेल्या अंकात बदलणार, लिहिताना ‘पुटसी’ पुन्हा त्या मशीनचं अक्षर करणार. मधल्या ‘फाइंड’ला मशीन कुठलं याचा पत्ताच नाही. नव्या मशीनवर जायचं तर अशी मोजकी फंक्शनं तेवढी नव्याने लिहा.

पुढे कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या डेनिस हॉल, डेबोरा शेरर आणि जो स्वेंटेक यांनी हीच कल्पना ताणली. वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर एकसारखी हत्यारं चालवायची. त्यावरचा त्यांचा लेख १९८० चा. वापरणाऱ्यांचा गटही उभा राहिला, एकमेकांना कोड देणारा. युनिक्स विकत न घेताच लोक युनिक्ससारखं काम करू लागले.

आता आपल्या ‘पाटील’कडे या. युनिकोड रुळण्याआधीच्या आपल्या बऱ्याच फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. काना एका खणात, वेलांटी दुसऱ्या. प्रत्येक कंपनीचा खण वेगळा. छपाई सुंदर व्हायची, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेशीवर बदलण्यासाठी ठरलेला एक तक्ताच नव्हता, आणि कंपन्यांना तो एक करायची घाई नव्हती (गिऱ्हाईक बांधलेलं राहतं ना!). त्या काळातली कार्यालयांची पत्रं, स्मरणिका, संस्थांचे अहवाल अजून कुठल्या ना कुठल्या डिस्कवर पडून आहेत. रूपांतर करणारे प्रोग्राम मिळतात, पण आधी फॉन्ट कोणता ते माहीत हवं. ते बहुधा टाइप करणाऱ्या माणसालाच ठाऊक असतं, आणि तो कधीच निवृत्त झालेला असतो.