नववी चिप

१९९७ साली पुण्याच्या तपकीर गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलो, तेव्हा तिथल्या दादांनी हातात दिलेलं पहिलं हत्यार म्हणजे शाळकरी पोरांचं पांढरं खोडरबर. मशीन चालू होईना, की कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी काढायची, तिची कड खोडरबरानं घासायची, ब्रश फिरवायचा आणि खट्‌कन बसेपर्यंत पट्टी पुन्हा दाबायची. पुष्कळदा तेवढ्यावर भागायचं. श्रेय खोडरबराला जायचं, पण निम्मं काम नुसत्या काढण्या-घालण्यानंच होई. कथिलाचा मुलामा असलेली पट्टी सोनेरी सॉकेटात बसवली की दोहोंच्या जोडावर गंजासारखा थर चढतो. तो सरकताना खरवडला जातो, एवढंच. शाईचं खरखरीत रबर वापरणाऱ्यांनी मात्र चांगल्या पट्ट्यांचं सोनं उडवलं.

त्याआधीची मशीनं स्वतःच कुरकुरत. एएमआय बायोसच्या मशीननं तीन बीप दिले, की पहिल्या ६४ केबी मेमरीत गडबड. दोन दिले, की पॅरिटीची चूक. ही पॅरिटी म्हणजे हिशेब तपासणारा कारकून. १९८१ च्या आयबीएम पीसीत आठ बिटांमागे नववं बिट असे. आठांत किती ‘एक’ आहेत, सम की विषम, एवढीच नोंद ते ठेवी. वाचताना मेळ बसला नाही, तर पडद्यावर ‘पॅरिटी चेक’ लिहून मशीन तिथंच थांबे. एकदम दोन बिटं उलटली तर कारकून फसायचा, पण चुकीचा आकडा गुपचूप फाइलीत जाण्यापेक्षा हे बरं.

नववी चिप म्हणजे आठवा हिस्सा जादा खर्च. स्वस्ताईच्या चढाओढीत ती गेली. इंटेलच्या १९९५ च्या ४३०एफएक्स चिपसेटनं तर पॅरिटीची सोयच ठेवली नाही. त्याहून वाईट म्हणजे बाजारात खोट्या पॅरिटीच्या पट्ट्या आल्या. त्यांच्यावरची नववी चिप काही लक्षात ठेवत नसे. विचारलं की समोरच्या आठ बिटांकडे बघून बरोबर जुळणारं उत्तर तिथल्या तिथं बनवून देई. असा साक्षीदार कोर्टातही सापडायचा नाही. सर्व्हरमध्ये तपासणी राहिली. घरच्या मशीनचं दुखणं मात्र आमच्या डोक्यावर आलं.

ते दुखणं ओळखायला मला शिकवलं अप्पा बळवंत चौकातल्या एका डीटीपीवाल्या काकांच्या मशीननं. २००१ चा एप्रिल, गाइडं छापायची घाई. पेजमेकर दुपारी बंद पडायचा, सकाळी सुरळीत. मी व्हायरस म्हणालो, फॉरमॅट मारला. आठवड्यानं पुन्हा. तीन फॉरमॅट झाले! तिसऱ्या वेळी विंडोज भरताना एक फाइल अडली. पुन्हा भरलं तर दुसरीच. तेव्हा कुठं ट्यूब पेटली. सीडी खराब असती, तर दर वेळी तीच फाइल अडली असती.

ख्रिस ब्रॅडीनं १९९४ साली लिहिलेला मेमटेस्ट८६ सायबर कॅफेतून फ्लॉपीवर आणला. तो विंडोजविनाच सुरू होतो, मेमरीत एक-शून्याच्या नक्ष्या भरतो, वाचतो, उलट्या करून पुन्हा भरतो. कारण मेमरीतली काही घरं शेजाऱ्यांत ठरावीक आकडे असले तरच बिघडतात. रात्रभर चालवला, काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला निळ्या पडद्यावर लाल ओळी, दर फेरीला त्याच पत्त्यावर. आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डनं १९६८ साली पेटंट मिळवलेल्या रॅमच्या या रचनेत प्रत्येक बिट म्हणजे इवलासा विद्युतभार. तो गळतो, म्हणून साधारण ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो. उकाड्यात गळती वाढते. त्या पत्त्यावरचं घर दुपारी तेवढाही वेळ तग धरत नव्हतं. दोन पट्ट्या होत्या. एकेक काढून पाहिली आणि दोषी पट्टी बाजूला ठेवली.

“पण मशीनला स्वतःला कसं कळलं नाही रे?” काकांनी विचारलं. मी नवव्या चिपची कथा सांगितली.

“म्हणजे खर्च नको म्हणून प्रूफरीडर काढून टाकला,” ते म्हणाले आणि अडलेल्या पानाकडे वळले. तीन फॉरमॅटच्या पैशांचा विषय त्यांनी काढला नाही. मीही काढला नाही.