करवतीमागची पट्टी: घरगुती टेबल सॉचा विसरलेला इतिहास

टेबल सॉच्या गोल पात्यामागे, पात्याला जवळजवळ चिकटून, पोलादाची एक वक्र पट्टी उभी असते. तिला धार नसते, ती फिरत नाही, लाकूड कापण्यात तिचा काहीही वाटा नसतो. ब्रिटनमधील कारखान्यांत ही पट्टी १९२२ साली कायद्याने सक्तीची झाली. अमेरिकेत नव्याने बाजारात येणाऱ्या टेबल सॉंना ती बंधनकारक ठरली २००८ साली. मधली ८६ वर्षे कुठे गेली, हा या थ्रेडचा विषय आहे.

आधी गोल करवतीविषयी. समाजमाध्यमांवर तिच्या जन्माची एक गोड कथा फिरत असते. अमेरिकेतील शेकर पंथाच्या टॅबिथा बॅबिट या स्त्रीने १८१३ च्या सुमारास दोन माणसांना दुहेरी मुठीची करवत ओढताना पाहिले. करवतीची अर्धी हालचाल वाया जाते हे तिच्या ध्यानात आले, आणि तिने चरख्यावर दातेरी चकती बसवली. कथा सुंदर आहे. मात्र गोल करवतीचा उल्लेख असलेले सॅम्युएल मिलर यांचे इंग्लिश पेटंट १७७७ सालचे आहे. त्याच काळात साउदॅम्प्टन येथे वॉल्टर टेलर जहाजांच्या कप्प्या बनवण्यासाठी अशा करवती वापरत होते. बॅबिटने स्वतंत्रपणे तोच शोध लावला असेलही, पण पहिलेपणाचा मान तिला देता येत नाही.

सरळ करवत पुढे-मागे जाते. चूक झाली तर हात थांबतो, आणि हाताबरोबर करवतही थांबते. गोल करवतीने हे नाते तोडले. १० इंच व्यासाचे पाते मिनिटाला ४००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दात्यांचा वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर भरतो. तरीही केवळ वेगाने या यंत्राचा धोका समजत नाही. त्यासाठी पात्याच्या दोन बाजू वेगवेगळ्या पाहाव्या लागतात.

पात्याच्या पुढच्या बाजूचे दाते वरून खाली येतात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. ही बाजू तुलनेने सुरक्षित. मागच्या बाजूचे दाते मात्र टेबलाखालून वर उसळत असतात. लाकडात वाढीच्या काळातील आणि वाळतानाचे ताण साठलेले असतात. फळी चिरली जाऊ लागली की ते मोकळे होतात, आणि कधी कधी नुकतीच पडलेली चीर पात्यामागे पुन्हा मिटू लागते. मिटणारी चीर पात्याला चिमटते. फळी किंचित तिरकी झाली तरी परिणाम तोच. वर उसळणारे दाते फळीला पकडतात, उचलतात आणि समोर उभ्या माणसाच्या दिशेने फेकतात. सुतारकामाच्या इंग्रजीत याला किकबॅक म्हणतात. फळी पोटात किंवा छातीत बसते हा त्यातला एक भाग. दुसरा भाग अधिक क्रूर आहे: ज्या फळीला हात ढकलत होता ती क्षणात नाहीशी होते, आणि पुढे जोर देणारा हात थेट पात्यावर जातो.

करवतीमागच्या पट्टीचे काम एवढेच, की चीर मिटू द्यायची नाही आणि फळीला मागच्या दात्यांवर सरकू द्यायचे नाही. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ब्रिटनच्या १९२२ च्या लाकूडकाम यंत्र नियमांत तिचे वर्णन अत्यंत काटेकोर आहे. पट्टी पात्याच्या थेट मागे, त्याच रेषेत असावी. तिची पात्याकडील कड वर्तुळाच्या कंसासारखी असावी. टेबलाच्या पातळीवर पट्टी आणि दाते यांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. पात्याच्या वर झाकण असावे, आणि लाकूड हाताने सरकवले जाते अशा प्रत्येक करवतीपाशी ते ढकलण्यासाठी एक काठी ठेवलेली असावी. फळीचा शेवटचा तुकडा बोटांनी ढकलू नये, यासाठी ही काठी. शंभर वर्षांपूर्वीच्या सरकारी नियमात काठीचा उल्लेख असणे गमतीचे वाटेल, पण कारखान्यांतील अपघात पाहूनच असे नियम लिहिले जातात.

म्हणजे १९२२ मध्ये सारे ठाऊक होते: धोका कोठे आहे, का आहे, आणि तो कमी कसा करायचा. नियमाची हद्द मात्र कारखान्याच्या दारापर्यंत होती. नेमके त्याच काळात अटलांटिकच्या पलीकडे हे यंत्र कारखान्यातून बाहेर पडून घरात शिरत होते.

१९१९ मध्ये मिलवॉकी येथे हर्बर्ट टाउट्झ यांनी डेल्टा कंपनीची सुरुवात केली. तिची ओळख झाली ती घरच्या कार्यशाळेत मावतील अशा छोट्या यंत्रांमुळे. १९४७ मध्ये हान्स गोल्डश्मिट या नाझी जर्मनीतून आलेल्या अभियंत्याचे शॉपस्मिथ हे यंत्र बाजारात आले. करवत, लेथ, ड्रिल आणि सँडर, सारे एकाच दांड्यावर. युद्धाहून परतलेले तरुण, उपनगरांतील नवी घरे, घरामागचे गॅरेज आणि मोकळा शनिवार! १९५४ च्या ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ‘स्वतः करा’ या छंदावर मुखपृष्ठ काढले, तेव्हा तो छंद मोठा उद्योग बनला होता. कारखान्यातील कामगाराच्या मागे मुकादम असतो, निरीक्षक येतो, शेजारचा जुना कारागीर ओरडतो. गॅरेजमध्ये यांपैकी कोणीही नव्हते. होती ती एक पुस्तिका, आणि बरेचदा तीही न वाचलेली.

अमेरिकन घरगुती यंत्रांवर संरक्षण नव्हतेच असे नाही. पात्यावर झाकण होते, मागे चीर उघडी ठेवणारी पट्टीही होती. गोम अशी की झाकण आणि पट्टी एकत्र जोडलेली असत आणि यंत्राच्या मागच्या बाजूला पक्की बसवलेली असत. पाते खाली-वर केले तरी पट्टी जागची हलत नसे. लाकडात आरपार न जाणारी खाच पाडायची झाली, की पट्टी आडवी येई आणि सारा जोड काढून ठेवावा लागे. पुन्हा बसवायचा म्हणजे पाना शोधा, बोल्ट कसा, पट्टी पात्याच्या रेषेत आणा. एकदा काढलेला गार्ड भिंतीवरच्या खिळ्याला लटकला, की तो वर्षानुवर्षे तिथेच राही. रायव्हिंग नाइफ पात्याबरोबर खाली-वर होते आणि पात्याच्या माथ्याहून किंचित खाली राहू शकते, त्यामुळे खाच पाडतानाही ती काढावी लागत नाही. फरक एवढ्या एका यांत्रिक जोडणीचा होता.

छापील माध्यमांनी ही सवय पक्की केली. सुतारकामाच्या मासिकांत आणि पुस्तकांत पाते उघडे दिसे आणि छायाचित्राखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असे, की स्पष्ट दिसावे म्हणून गार्ड काढला आहे. दूरचित्रवाणीवर नॉर्म एब्रम यांची ‘द न्यू यँकी वर्कशॉप’ ही मालिका १९८९ ते २००९ अशी वीस वर्षे चालली. ते दर भागात संरक्षक चष्म्याचा आग्रह धरत, आणि तो मनापासूनचा होता. पण कॅमेऱ्यासमोरच्या करवतीवर गार्ड बरेचदा नसे. पाहणारा ऐकण्यापेक्षा पाहण्यातून अधिक शिकतो.

एकलव्य पद्धतीने शिकणाऱ्या या पिढ्यांत काही चुका पुन्हा पुन्हा दिसतात. मार्गदर्शक पट्टीचा आधार न घेता फळी केवळ हातांनी धरून कापणे. जरा तिरकी झाली की ती चिमटलीच. आडव्या कापासाठी मायटर गेज आणि फेन्स दोन्ही एकाच वेळी वापरणे. कापलेला तुकडा पाते आणि फेन्स यांच्यामध्ये अडकतो आणि गोळीसारखा सुटतो. पाते फिरत असतानाच पलीकडचा तुकडा उचलायला त्यावरून हात नेणे. हातमोजे घालणे, ज्यांचा धागा दात्यात अडकला तर हात सोबत ओढला जातो. यांतील प्रत्येक चूक घडल्यावर निदान एकच होई: माणूस निष्काळजी होता. हे निदान उत्पादकांच्या सोयीचे होते, आणि विचित्र म्हणजे कारागिरांनाही आवडत असे. आपण सावध आहोत, तेव्हा आपले बोट जाणार नाही, असा दिलासा त्यातून मिळतो.

कायद्याची बाजू पाहिली तर दरी आणखी स्पष्ट होते. १९७० च्या कायद्याने अमेरिकेत कामाच्या ठिकाणच्या सुरक्षेसाठी ओशा ही संस्था आली. तिच्या नियमांत करवतीचे झाकण आणि चीर उघडी ठेवणारी पट्टी दोन्ही होती, पण ते नियम मालकांवर बंधनकारक, छांदिष्टांवर नव्हे. घरातील वस्तूंसाठी १९७२ मध्ये ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग स्थापन झाला. १९८१ च्या दुरुस्तीने त्याचे हात बांधले: उद्योगाचे स्वेच्छेचे मानक पुरेसे असेल, तर आयोगाने सक्तीचा नियम करायचा नाही. टेबल सॉच्या बाबतीत ते मानक ठरवणाऱ्या चर्चेत उत्पादकांचा आवाज मोठा होता.

१९९९ मध्ये ओरेगॉनमधील स्टीव्ह गॅस यांनी हा खेळ उधळला. गॅस भौतिकशास्त्राचे डॉक्टर, पेटंट वकील आणि हौशी सुतार. त्यांनी पात्यात सूक्ष्म विद्युतसंकेत सोडला. मानवी शरीर विद्युतवाहक असल्याने बोट लागताच तो संकेत बदलतो, स्प्रिंगने दाबून धरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा दात्यांत घुसतो आणि पाच मिलिसेकंदांच्या आत पाते थांबते. प्रात्यक्षिकासाठी ते सॉसेज वापरत; एकदा त्यांनी स्वतःचे बोटही लावून पाहिले. मोठ्या कंपन्यांशी परवान्याच्या वाटाघाटी फिसकटल्या. २००३ मध्ये गॅस आणि सहकाऱ्यांनी आयोगाकडे अर्ज केला, की असे तंत्र सक्तीचे करा. २००४ मध्ये त्यांच्याच सॉस्टॉप कंपनीच्या करवती विक्रीस आल्या.

येथे नायक-खलनायक अशी मांडणी करण्याचा मोह टाळावा. कंपन्या खर्च आणि पेटंटची मक्तेदारी पुढे करत होत्या. खर्चाचा मुद्दा पळवाटीसारखा होता, मक्तेदारीचा मात्र खरा. बॉशने २०१५ मध्ये आणलेली तशीच करवत २०१७ मध्ये पेटंटभंगाच्या निकालाने अमेरिकी बाजारातून अडवली गेली. म्हणजे ज्यांना हे तंत्र सर्वांसाठी सक्तीचे हवे होते, त्यांनीच दुसऱ्याची सुरक्षित करवत रोखली. दरम्यान २०१० मध्ये बॉस्टन येथे एका जखमी कामगाराला ज्युरीने १५ लाख डॉलर भरपाई दिली. उपलब्ध तंत्र न वापरणे हा यंत्राच्या रचनेतील दोष ठरू शकतो, हे त्यातून न्यायालयात प्रथमच ठसठशीतपणे पुढे आले.

आयोगाच्या अंदाजानुसार एकट्या २०१५ मध्ये पात्याचा स्पर्श होऊन सुमारे ३०,८०० लोक अमेरिकेतील रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांत पोहोचले. त्यांपैकी सुमारे ४,७०० जणांचा अवयव, बहुधा बोट, तुटला होता. २००३ च्या अर्जाला वीस वर्षे उलटल्यावर, २०२३ मध्ये, आयोग नियमाचा सुधारित प्रस्तावच मांडत होता. या गदारोळात २००८ मध्ये स्वेच्छेच्या मानकात रायव्हिंग नाइफ गुपचूप येऊन बसली. तिला कोणाचे पेटंट लागत नव्हते.

महाराष्ट्रात हीच दरी दुसऱ्या रूपात आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमाखाली राज्याने केलेल्या १९६३ च्या नियमांत लाकूडकामाच्या यंत्रांसाठी स्वतंत्र अनुसूची आहे, आणि ब्रिटिश नियमातली ती पट्टी व ती काठी तीत जशीच्या तशी आली आहेत. पण तो अधिनियम विजेवर चालणाऱ्या आणि किमान १० कामगारांच्या जागेसाठी लिहिला गेला. फ्लॅटमध्ये फर्निचर करायला आलेले तीन सुतार त्यात बसत नाहीत. ते प्लायच्या तक्त्याला खाच पाडतात, दगड कापण्यासाठी बनवलेला मार्बल कटर खालून उलटा आवळतात, त्याला लाकडाचे पाते लावतात आणि बटण चिकटपट्टीने दाबून ठेवतात. मिनिटाला सुमारे १२ हजार फेरे घेणारे उघडे पाते तक्त्यातून वर येते. त्याच्यामागे पट्टी बसवायला जागाच नसते.