वायद्याची तारीख

मार्च उजाडला की रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराला दोन गोष्टींची काळजी लागते. एक झाडावरच्या फळाची आणि दुसरी ते फळ भरायच्या खोक्यांची. तयार झालेला आंबा कुणासाठी थांबत नाही. खोकी आठवडाभर उशिरा आली, तर ती फुकट मिळाली तरी उपयोगाची नाहीत. म्हणून खोकेवाल्याला बागायतदार किमतीच्याही आधी विचारतो, "कधी देणार?"

या प्रश्नाचे खरे उत्तर कसे काढतात आणि ते काढण्याची रीत जगात कशी घडत गेली, हे आपण पाहू या. मुलांना वर्गात करून दाखवता येईल इतका मूळ हिशेब सोपा आहे. तो चुकण्याच्या जागा मात्र गमतीच्या आहेत.

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरजोळ्यात औद्योगिक वसाहत आहे. तिथे पुठ्ठ्याची खोकी करणारा एक कारखाना आहे असे समजू. (त्याचे नाव विचारू नका, तो आम्ही या लेखापुरताच उभारला आहे.) सगळी खोकी एकाच मापाची आहेत. १ मार्चला गोदामात ४,००० खोकी आहेत आणि दर आठवड्याला २,००० नवी तयार होतात. पहिल्या गिऱ्हाइकाला ८ मार्चपर्यंत ३,५०० आणि दुसऱ्याला १५ मार्चपर्यंत ४,००० खोकी द्यायचे कबूल केले आहे. आता तिसरा बागायतदार येतो आणि ३,००० खोकी मागतो.

गोदामात डोकावणारा माणूस म्हणेल, चार हजार पडली आहेत, आजच न्या. पण मग १५ मार्चला काय होईल? तोवर एकूण ८,००० खोकी हाताशी येतील, त्यातली ७,५०० आधीच दुसऱ्यांची आहेत. म्हणजे मोकळी फक्त ५००. प्रत्येक तारखेपर्यंतची एकूण आवक मांडा आणि तिच्यातून त्या तारखेपर्यंतचे एकूण वायदे वजा करा. १ मार्चला ४,०००, ८ ला २,५००, १५ ला ५००, २२ ला २,५०० आणि २९ ला ४,५०० असे आकडे येतात. एखाद्या दिवशी किती कबूल करता येईल? त्या दिवसाचा आकडा नव्हे, तर त्या दिवसापासून पुढचा सर्वांत लहान आकडा. तेव्हा तिसऱ्या बागायतदाराला आज ५००, २२ मार्चला २,००० आणि २९ ला उरलेली ५०० असा वायदा करता येतो.

कारखानदारीच्या भाषेत या मोकळ्या आकड्याला 'अव्हेलेबल टू प्रॉमिस' म्हणतात, म्हणजे वचन देण्याजोगा साठा. डोळ्यांना दिसतो तो साठा वेगळा आणि वचन देण्याजोगा साठा वेगळा, हा फरक ज्याला कळला त्याला या विषयाचा निम्मा भाग कळला. आमच्यापैकी एकाच्या शाळेची बाके जूनमध्ये येणार होती, ती दिवाळीनंतर आली. लाकूड दुकानात होते, आम्ही ते पाहिलेही होते. ते दुसऱ्याच कुणाला कबूल केलेले असणार, हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही.

एकच वही आणि एकच कारकून असेल, तोवर ही वजाबाकी कागदावर होते. अडचण येते ती वायदे करणारे अनेक झाले की. ही अडचण सर्वांत आधी विमान कंपन्यांना जाणवली. जागा मोजक्या, त्या विकणारी कार्यालये गावोगाव. अमेरिकन एअरलाइन्समध्ये कारकून कार्डांच्या फिरत्या ट्रेभोवती बसून आरक्षणे नोंदवीत. या कंपनीने आयबीएमबरोबर 'सेबर' ही यंत्रणा उभारली. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती चालू झाली आणि दूरच्या कार्यालयांतून एकाच सामाईक नोंदीत वजाबाकी होऊ लागली. आपल्याकडे रेल्वेचे संगणकीय आरक्षण दिल्लीत १९८५-८६ मध्ये आले आणि नंतर इतर मोठ्या शहरांत पसरले. गणपतीला गावी येणारे चाकरमानी खिडकीवर किंवा संगणकासमोर बसून वचन देण्याजोगा साठाच विचारत असतात. फक्त तिथे खोक्याऐवजी बर्थ असतो.

रेल्वेचा बर्थ तयार असतो. कारखान्यातली वस्तू मात्र अजून व्हायची असते. खोक्याला कागदाची रिळे लागतात, चिकटवायला स्टार्चची खळ लागते, छपाई असेल तर शाई लागते. पूर्वी प्रत्येक मालाचे स्वतंत्र कार्ड असे आणि साठा ठरावीक पातळीखाली गेला की नवी मागणी पाठवत. ही रीत सोयीची, पण आंधळी. जोसेफ ऑर्लिकी हा मूळचा चेकोस्लोव्हाकियातला माणूस अमेरिकेत जे. आय. केस या ट्रॅक्टर कंपनीत काम करत होता. १९६० च्या दशकात त्याने आणि त्याच्या बरोबरीच्यांनी एक साधी गोष्ट पुढे मांडली. ट्रॅक्टर किती खपतील हा अंदाज आहे, पण तेवढ्या ट्रॅक्टरांना चाके किती लागतील हा अंदाज नव्हे, तो गुणाकार आहे. आणि ती चाके केव्हा मागवायची ही वजाबाकी आहे. देण्याच्या तारखेतून जोडणीचे दिवस वजा करा, त्यातून चाके येण्याचे दिवस वजा करा. ऑर्लिकीचे यावरचे पुस्तक १९७५ मध्ये निघाले. ऑलिव्हर वाइट आणि जॉर्ज प्लॉस्ल या दोघांनी हीच रीत अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये हिरिरीने पसरवली.

गुणाकार आणि वजाबाकी सोपी, पण हजारो सुट्या भागांची करायची तर संगणकच हवा. आणि तेव्हाचा संगणक हा हिशेब रात्रभर, कधी शनिवार-रविवारभर करत बसे. सोमवारी सकाळी तयार झालेली योजना बुधवारी जुनी झालेली असे. शिवाय या रीतीत दोन गृहीतके दडलेली होती. यंत्रावर कितीही काम टाकले तरी ते होईल, हे एक. माल यायला नेहमी तितकेच दिवस लागतील, हे दुसरे. कोकणातल्या माणसाला दुसऱ्या गृहीतकाचे हसू येईल. रिळे घाटावरून यायची असतील, तर जानेवारीतले दिवस आणि जुलैतले दिवस सारखे कसे असतील? दरड कोसळली की संगणकातला 'चार दिवस' हा आकडा तसाच राहतो, ट्रक मात्र पलीकडे उभा असतो.

पुढे संगणकाची स्मृती स्वस्त झाली आणि ही अडचण काही अंशी सुटली. हैदराबादेत वाढलेले संजीव सिद्धू अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये काम करत होते. १९८८ मध्ये त्यांनी केन शर्मा यांच्याबरोबर डॅलसला एक कंपनी काढली. तीच पुढे आय-टू टेक्नॉलॉजीज म्हणून प्रसिद्ध झाली. कारखान्याचे सगळे चित्र स्मृतीतच ठेवायचे आणि माल व यंत्रांचा वेळ यांचा एकत्र हिशेब करायचा, असा त्यांच्या सॉफ्टवेअरचा रोख होता. त्यामुळे गिऱ्हाईक फोनवर असतानाच तारीख सांगणे शक्य दिसू लागले. गोदामात माल नाही, पण रिळे आहेत आणि यंत्र मंगळवारी मोकळे आहे, मग शुक्रवारी देता येईल, असे उत्तर. जर्मनीतल्या 'सॅप' या कंपनीनेही १९९८ मध्ये याच कामाचे सॉफ्टवेअर बाजारात आणले.

आणि मग लगेच दोन ठेचा लागल्या. १९९९ मध्ये हर्शी या अमेरिकी चॉकलेट कंपनीने नवी संगणक यंत्रणा घाईने चालू केली. हॅलोविन हा तिथला गोळ्या-चॉकलेटांचा मोठा सण. त्याच्या तोंडावर सुमारे १० कोटी डॉलरची मागणी वेळेवर पुरवता आली नाही. चॉकलेट नव्हते असे नाही. गर्दीच्या दिवसांत काही माल इकडेतिकडे मोकळ्या जागांत ठेवायची तिथे सवय होती आणि त्या जागा संगणकाच्या नोंदीत नव्हत्या, असे त्या प्रकरणावर लिहिणाऱ्यांनी म्हटले आहे. फडताळात डबा आहे, पण यादीत नाही, असा हा प्रकार. दुसरी ठेच नाइके या बुटांच्या कंपनीची. फेब्रुवारी २००१ मध्ये तिने जाहीर केले की आय-टूच्या सॉफ्टवेअरमुळे नको ते बूट जास्त आणि हवे ते कमी बनले, आणि विक्री सुमारे १० कोटी डॉलरने घटली. सॉफ्टवेअर घाईने आणि फार फेरफार करून बसवले गेले, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते. आम्हाला दोन्ही म्हणणी एकदम खरी वाटतात.

वायदा पाळण्याचा एक मार्ग संगणकाच्या बाहेरचाही आहे आणि तो मिरजोळ्यातच पाहता येतो. इथल्या वसाहतीत गद्रे मरीन ही कंपनी माशांपासून सुरिमी तयार करते. राणीमाशासारख्या माशाचे मांस काटे काढून बारीक करतात, पाण्याने धुतात आणि त्याच्या लाद्या गोठवतात. खेकड्याच्या चवीच्या कांड्या वगैरे पदार्थ पुढे यातूनच होतात. जपानात सुरिमी फार जुनी, पण ती ताजीच वापरावी लागे. गोठवली की मांसातली प्रथिने बिघडत आणि तिचा चिवटपणा जाई. १९६० च्या सुमारास होक्काइडो बेटावरच्या संशोधकांना आढळले की धुतलेल्या मांसात साखर मिसळली, तर गोठवल्यावरही प्रथिने टिकतात. एरवी ही अन्नरसायनाची गोष्ट. आपल्या दृष्टीने मात्र त्या साखरेने मासेमारीची तारीख आणि माल देण्याची तारीख एकमेकींपासून सोडवली. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. जाळे कोरडे असताना जुलैत माल देण्याचा वायदा करायचा, तर शीतगृहात मे महिन्यातल्या लाद्या हव्यात आणि त्यातल्या कोणत्या कुणाच्या हे लिहिलेले हवे.

कुणाच्या, हा प्रश्न मात्र वजाबाकीने सुटत नाही. रेल्वेत आपण तो कोट्याच्या रूपाने पाहतो. गाडीत बर्थ रिकामा आहे, पण तो तुमच्या स्टेशनच्या वाट्याचा नाही, म्हणून तुम्ही प्रतीक्षा यादीत. नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्येही असेच वाटे पाडता येतात. गिऱ्हाइकांना क्रम देता येतो आणि वरच्या क्रमाचे गिऱ्हाईक आले की खालच्याची तारीख आपोआप सरकते. आपल्या तिसऱ्या बागायतदाराकडे पुन्हा जाऊ. पाचशे खोकी तो घेऊन गेला आहे. दुसऱ्याच दिवशी एक मोठा निर्यातदार २२ मार्चपर्यंत २,००० खोकी मागतो. क्रमाच्या रकान्यात त्याच्यापुढे १ आणि बागायतदारापुढे ३ लिहिलेले आहे. मग बागायतदाराची २२ ची २,००० खोकी २९ ला जातात आणि उरलेली ५०० थेट ५ एप्रिलला. हिशेबात कुठेही चूक नाही. पण त्याला आधी दिलेली तारीख मोडली, आणि ती मोडण्याचा निर्णय तो रकाना कुणीतरी भरला त्या दिवशीच झाला होता. वहीच्या काळात हा निर्णय घेणाऱ्याला निदान बागायतदाराच्या तोंडाकडे बघून सांगावे लागे. आमच्या मते एकदा कबूल केलेली तारीख सॉफ्टवेअरने आपोआप हलवू नये, हलवायची तर माणसाने नाव लिहून हलवावी. तशी सोय करता येते. ती वापरायची की नाही हे कारखान्याने ठरवायचे असते.

वर्गासाठी एक उदाहरण देऊन थांबतो. ३ मार्चला पहिल्या गिऱ्हाइकाचा फोन येतो: मोहोर गळला, ३,५०० नकोत, निम्मीच पाठवा. निर्यातदाराचा वायदा कायम आहे. तर बागायतदाराला राहिलेली २,५०० खोकी केव्हा मिळतील? मुलांना आधी गोदामात बघून उत्तर देऊ द्यावे, मग तारखांचा तक्ता मांडून. उत्तर असे: १,७५० लगेच, ७५० एकोणतीस मार्चला. मात्र फोन घेणाऱ्याने तो त्याच दिवशी नोंदवला असेल तर.