टोपणनावाआडचा डॉक सॅव्हेज

१९३० साली न्यूयॉर्कच्या 'स्ट्रीट अँड स्मिथ' या प्रकाशनसंस्थेने आपल्या गुप्तहेरकथांच्या जाहिरातीसाठी रेडिओवर एक कार्यक्रम सुरू केला. निवेदकाच्या गूढ आवाजाला नाव दिले 'द शॅडो'. झाले भलतेच. श्रोते पेपरवाल्याकडे 'शॅडो'चे मासिक मागू लागले आणि असे मासिक तर निघतच नव्हते! १९३१ मध्ये ते काढावे लागले आणि धडाक्यात खपले. मग व्यवस्थापक हेन्री राल्स्टन यांनी संपादक जॉन नॅनोविक यांच्यासह आणखी एक नायक बेतला आणि लिहायला बोलावले लेस्टर डेंट यांना.

डेंट मूळचे मिझुरीचे. टल्सामध्ये वृत्तसंस्थेत तारयंत्रावर रात्रपाळी करताना ते गोष्टी लिहू लागले होते. मार्च १९३३ मध्ये लाकडाच्या लगद्याच्या खरबरीत कागदावर, १० सेंट किमतीत 'डॉक सॅव्हेज' बाजारात आले. मंदीने कंबरडे मोडलेल्या वाचकाला तेवढ्यात अख्खी कादंबरी मिळू लागली.

डॉक म्हणजे क्लार्क सॅव्हेज. ब्राँझसारखी कांती, लहानपणापासून शास्त्रज्ञांच्या तालमीत तयार झालेला शल्यविशारद. ८६व्या मजल्यावर कचेरी, पाच तज्ज्ञ साथीदार आणि उत्तर ध्रुवाकडे 'फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड' हे गुप्त ठिकाण. पुढे सुपरमॅनच्या ठिकाणालाही हेच नाव मिळाले.

दरमहा कादंबरी पाडायची तर शिस्त हवी. डेंट यांनी कथालेखनाचा आराखडाच मांडून ठेवला होता: ६,००० शब्दांच्या कथेचे १,५०० शब्दांचे चार भाग. पहिल्याच ओळीपासून नायक संकटात, प्रत्येक भागाअखेर नवी कलाटणी आणि शेवटी सुटका स्वतःच्याच हिकमतीने.

लेखक म्हणून पहिल्या अंकावर 'केनेथ रॉबर्ट्स' छापले होते. त्या नावाचे खरेखुरे कादंबरीकार असल्याने दुसऱ्या अंकापासून 'केनेथ रोबसन' झाले. याच नावाने अधूनमधून इतरही लिहीत, पण १८१ पैकी दीडशेहून अधिक कादंबऱ्या डेंट यांच्याच. त्यांचे नाव अंकावर आले ते एकदाच, मार्च १९४४ मध्ये, तेही चुकून!

मासिक १९४९ मध्ये बंद पडले, डेंट १९५९ मध्ये गेले. १९६४ पासून पुस्तकरूपाने मालिका पुन्हा निघाली आणि नव्या पिढीने ती डोक्यावर घेतली. मुखपृष्ठावर मात्र रोबसनच. नायक बेतला राल्स्टन यांनी, पण त्यात जीव ओतला डेंट यांनी. या मालिकेवर त्यांचेच नाव असायला हवे होते.