भिक्षावृत्तीचे निर्मूलन : कायद्याच्या मर्यादा आणि स्थानिक समाजधुरीणांची भूमिका

रस्त्यावरील भिक्षावृत्ती हा विषय आपल्याकडे दीर्घकाळ पोलिसांच्या अखत्यारीत राहिला. त्याचा मुख्य आधार 1959 चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा होय. पुढे तो दिल्लीतही लागू झाला आणि अन्य राज्यांनी त्याच धर्तीवर आपापले कायदे केले. सार्वजनिक जागी भीक मागताना प्रथम सापडलेल्या व्यक्तीस 1 ते 3 वर्षे आणि वारंवार सापडल्यास 10 वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद या कायद्यात आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने 8 ऑगस्ट 2018 रोजी दिल्लीपुरत्या त्यातील दंडात्मक तरतुदी घटनाबाह्य ठरविल्या. दारिद्र्यामुळे भीक मागावी लागते, याकडे सर्वोच्च न्यायालयानेही जुलै 2021 मध्ये लक्ष वेधले व भिक्षेकऱ्यांना रस्त्यांवरून हटविण्याचा आदेश देण्यास नकार दिला.

2011 च्या जनगणनेनुसार देशात भिक्षेकरी व निराश्रित भटक्यांची संख्या 4,13,670 होती. त्यांत पश्चिम बंगालचा क्रमांक पहिला. एवढ्या लोकांना कोठडीत घालून प्रश्न सुटत नाही, हे उघड आहे. नोव्हेंबर 2017 मध्ये हैदराबादेत जागतिक उद्योजकता परिषदेच्या तोंडावर भीक मागण्यास बंदी घालण्यात आली आणि भिक्षेकऱ्यांची रवानगी तुरुंगांच्या आवारातील निवाऱ्यांत झाली. अशा मोहिमांनी रस्ते काही दिवस मोकळे होतात, एवढेच.

मग हे काम कोणी करावयाचे? या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर कुष्ठरोगातून बरे झालेल्यांच्या वसाहतींत मिळते. 1898 च्या कुष्ठरोगी कायद्यात भीक मागणाऱ्या वा उपजीविकेचे साधन नसलेल्या रुग्णासाठी स्वतंत्र व्याख्याच होती आणि त्यास अटक करून आश्रमात पाठविता येत असे. हा कायदा 2016 मध्ये रद्द झाला. घराने आणि गावाने टाकलेली ही माणसे रेल्वेमार्गांलगत किंवा तीर्थक्षेत्रांजवळ एकत्र राहू लागली व त्यांतून वसाहती उभ्या राहिल्या. वसाहतीचा प्रमुख त्यांच्यातलाच असतो. तंटे मिटविणे, आजाऱ्याची सोय लावणे, निवृत्तिवेतनासाठी कचेरीत खेटे घालणे ही त्याची कामे. अनेक ठिकाणी भीक मागण्यास कोणी कोठे जावे हेही पूर्वी वसाहतच ठरवीत असे. भीक थांबविण्याचा निर्णयही त्यामुळे वसाहतीतूनच यावा लागतो. बाहेरच्याने दिलेली शेळी विकली जाते. प्रमुखाने शब्द टाकून उभारलेला शेळीपालनाचा गट टिकण्याची शक्यता अधिक. 2006 मध्ये स्थापन झालेले ससाकावा-इंडिया लेप्रसी फाउंडेशन अशा वसाहतींमध्येच उपजीविकेच्या प्रकल्पांना साहाय्य करते. त्याआधी कितीतरी वर्षे, 1949 मध्ये, बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवनाची सुरुवात केली, तीही दानापेक्षा कामाला महत्त्व देऊन.

शहरांतील भिक्षेकऱ्यांपुढील पहिली अडचण मात्र बहुधा कागदाची असते. ज्याला पत्ता नाही, त्याला आधार कार्ड मिळविणे कठीण. आधार नसेल तर बँक खाते, शिधापत्रिका, निवृत्तिवेतन सारेच अडते. अशा वेळी नगरसेवक किंवा सरपंच यांनी विहित नमुन्यात दिलेला दाखला ग्राह्य धरला जातो. एका सहीचे हे काम, पण ‘हा आमच्या वॉर्डातला नाही’ असे म्हणून टाळताही येते. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ‘स्माइल’ योजना सुरू केली. सर्वेक्षण, संपर्क, निवारा आणि पुनर्वसन असे तिचे टप्पे आहेत. अयोध्या, उज्जैन, त्र्यंबकेश्वर, बोधगया, मदुराई, अमृतसर अशी तीर्थस्थाने तिच्या कक्षेत घेतली आहेत. तेथे देवस्थानांचे विश्वस्त, पुजारी, लंगर आणि अन्नछत्रे चालविणारे हेच भिक्षेकऱ्यांच्या नित्य परिचयाचे. सर्वेक्षकाला न सांगितलेले नाव आणि गाव त्यांना ठाऊक असते. याच देवस्थानांच्या दारी दिली जाणारी सुटी नाणी भिक्षावृत्तीला पोसतात, हेही नाकारता येत नाही. लहान मुलाला भीक मागावयास लावणे हा तर बाल न्याय कायद्यान्वये 5 वर्षांपर्यंत शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे. अशा वेळी 1098 या क्रमांकावर कळविणे हेच उचित.

निवाऱ्यातून बाहेर पडलेल्या माणसाला पोट भरण्यासाठी जागा हवी असते. पथविक्रेता कायदा, 2014 अन्वये नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. काल मंदिरापुढे हात पसरणाऱ्या स्त्रीला आज तेथेच फुलांची टोपली घेऊन बसू द्यावयाचे की नाही, यात या विक्रेत्यांच्या पुढाऱ्यांचे मत मोलाचे ठरते. येथे खरी कसोटी लागते, कारण नवा विक्रेता म्हणजे जुन्यांच्या गल्ल्यात वाटेकरी.

भिक्षा ही ज्यांची परंपरागत वृत्ती आहे, अशा भटक्या समाजांचा प्रश्न यापेक्षा निराळा आहे. 1959 च्या कायद्याने गाणे, नाचणे, भविष्य सांगणे यांनाही भिक्षेच्या व्याख्येत ओढले. वासुदेव, नंदीवाले, गोसावी हे सारे त्यामुळे संशयित ठरू शकतात. त्यांच्या गावोगाव फिरण्याला खरे संरक्षण असते ते ओळख पटविणाऱ्या स्थानिक माणसाचे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांतील बहुतेक सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा तालुक्याचे होते आणि ते भिक्षेसाठी फिरत तेथवर आले होते. त्यांना जेथे कोंडून मारहाण झाली, ते गावाचे ग्रामपंचायत कार्यालय होते.