चेंबरचा नट आणि तीन मुलखांचे पाने



ट्रॅक्टर असो, जीप असो नाहीतर विहिरीवरचं इंजिन, ऑईल आपण बहुतेक जण घरीच बदलतो. काम अर्ध्या तासाचं. पण चेंबरच्या नटाचे कोपरे गेले की तेच काम दोन दिवसांचं होतं, आणि आटे गेले तर ऐन पेरणीत ट्रॅक्टर उभा. नट असा खराब होतो तो बहुतेक वेळा जोर कमी पडला म्हणून नव्हे, पाना मापाचा नव्हता म्हणून. आपल्या पेटीत मापांचा एवढा गोंधळ का, त्याची गोष्ट जुनी आहे.

सुरुवातीला प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसत नसे. इंग्लंडात मँचेस्टरच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ठिकठिकाणचे बोल्ट जमवले, मापं घेतली आणि 1841 साली एकच पद्धत सुचवली. आट्याचा कोन 55 अंश. या पद्धतीत पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या दांड्याचा असतो, पान्याच्या तोंडाचा नाही. म्हणून 3/8 लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड साधारण 18 मिलिमीटर भरतं. जुन्या पेटीतला पाना बघून माणूस चक्रावतो तो इथंच.

अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 साली वेगळी पद्धत मांडली, कोन 60 अंश. पुढं तिकडच्या पान्यांवर तोंडाची रुंदी इंचात लिहायची रीत पडली. त्यालाच आपले मिस्त्री एएफ म्हणतात. तिसरा मुलूख युरोपचा. 1898 साली झुरिचच्या परिषदेत मिलिमीटरचे आटे ठरले, म्हणजे आपले आजचे 13, 17, 19 चे पाने.

दुसऱ्या महायुद्धात याचा फार त्रास झाला. इंग्लंड आणि अमेरिका एका बाजूने लढत होते, पण एकाचे सुटे भाग दुसऱ्याच्या यंत्राला बसत नव्हते. अर्ध्या इंचाच्या बोल्टला व्हिटवर्थचे इंचात 12 आटे, अमेरिकन बोल्टला 13. शेवटी 1948 साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी मिळून एकच इंची पद्धत ठरवली.

आपल्याकडं तिन्ही मुलूख येऊन बसले. स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, ती अमेरिकन इंचाची. 1963 साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर बी-275 ट्रॅक्टर आला, तोही इंचाचा. अँबेसिडर विलायती घराण्याची, तर मुंबईची पद्मिनी इटलीच्या फियाटची, म्हणजे मिलिमीटरची. 1971 पासून एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या आराखड्यावर ट्रॅक्टर काढले, तेही मिलिमीटरचे. बांधावर मात्र या सगळ्यांना पेटी एकच!

आता हिशेब बघा. 1/2 एएफ म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर 13 चा पाना बसतो, पण 0.3 मिलिमीटर ढिला. सैल नटाला चालून जाईल, घट्ट बसलेल्या नटाचे कोपरे खाईल. 3/4 एएफ म्हणजे 19.05, तिथं 19 चा पाना नीट बसतो. 9/16 म्हणजे 14.29. त्याला 14 चा जात नाही आणि 15 चा डुगडुगतो. म्हणून पाना नुसता आत गेला एवढं बघू नका, हलतोय का ते बघा.

पाईप पान्याचं तर सांगायलाच नको. अमेरिकेत डॅनियल स्टिलसन यांनी 1870 च्या सुमारास तो काढला, गोल पाईप पकडायला. त्याचे दात धातू चावतात. षटकोनी नटाला तो लावला की नटही पाईपासारखाच गोल होतो. स्वीडनच्या योहान्सन यांचा स्क्रू पाना 1892 चा. तो अडीनडीला बरा, पण त्याचा जबडा दाबाखाली थोडा उघडतो. चेंबरला सहा कोनांची गोटी किंवा रिंग पानाच लावा. जोर सहाही कोपऱ्यांवर वाटला जातो.

फिल्टरचंही तसंच. अर्नेस्ट स्वीटलंड यांनी 1923 च्या सुमारास गाडीचा ऑईल फिल्टर बाजारात आणला. त्याआधी घाण ऑईलातच फिरायची. हातानं फिरवून बसवायचा डबा-फिल्टर पुढं 1950 च्या दशकात आला. तो काढायला पट्ट्याचा पाना लागतो, बसवायला नाही. रबराला नवं ऑईल लावायचं, रबर टेकलं की साधारण पाऊण फेरा हातानं द्यायचा, बास. डब्यावर काही वेगळं लिहिलं असेल तर ते पाळायचं. पान्यानं आवळलेला फिल्टर पुढच्या वेळी छिन्नीनं फोडावा लागतो.

चेंबरचा नट बसवतानाही पहिले दोन-तीन आटे बोटानंच फिरवा. बोटानं फिरत नसेल तर एकतर तो वाकडा लागलाय, नाहीतर दुसऱ्याच मुलखाचा आहे. जोर लावू नका. वायसर तांब्याचा असेल तर नवा घाला.

एक काम आजच करून ठेवा. आपल्या प्रत्येक यंत्राच्या चेंबरच्या नटाचं माप व्हर्नियरनं घ्या आणि पेटीच्या झाकणावर आतून रंगानं लिहा. पोरगा किंवा सालगडी ऑईल बदलायला बसला तर त्याला विचारत बसायला नको. आणि जुनं ऑईल बांधावर ओतू नका, डब्यात भरून भंगारवाल्याला द्या.